उभा धागा, आडवा धागा

साच्यावर काम केलेल्या माणसाला ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही. उभा धागा ताणा, आडवा बाणा. दोन्हींवरचा ताण बेताचा असला की कापड सरळ उतरतं. एकावर जास्त पडला की कापड ओढलं जातं. लालबाग-परळच्या गिरण्यांत हे ज्ञान हातात मुरलेलं असे. त्याच गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची जी शस्त्रक्रिया होत आली, तिचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहासही धाग्याच्या ताणाचाच आहे. हा धागा केसाहून बारीक, नायलॉनचा. तो जास्त ओढला गेला की बुबुळाची गोलाई बिघडते.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, वक्रतेची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर. डोळ्याची एकूण ताकद ६० डायॉप्टरच्या आसपास धरली तर त्यातले ४३ एकट्या कॉर्नियाचे. ही काच रबरी चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल असेल तर काही प्रश्न नाही. पण चेंडू दोन बोटांत जरा दाबला की तो एका दिशेने जास्त बाकदार होतो आणि दुसरीकडे पसरट. कॉर्नियाचं असं झालं की उभा बाक आणि आडवा बाक यांची ताकद निराळी होते आणि प्रकाश एका बिंदूत जमत नाही. यालाच अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ आणि ‘अॅक्सिस’ असे जे दोन रकाने असतात, ते याचेच. असा डोळा वर्तमानपत्र हातात घेतो तेव्हा मथळ्याची शिरोरेषा ठळक दिसते आणि काने पुसट, किंवा याच्या उलट. देवनागरी वाचणाऱ्याला हा दोष फार लवकर जाणवायला हवा. आपली लिपी उभ्या-आडव्या रेघांनीच तर विणलेली आहे.

हा दोष पहिल्यांदा नीट ओळखला तो लंडनच्या थॉमस यंगने, १८०१ च्या सुमारास, स्वतःच्याच डोळ्यात. दोष कॉर्नियात आहे की आतल्या भिंगात हे कळावं म्हणून त्याने डोळा पाण्यात बुडवून पाहिला. पाण्यात कॉर्नियाची ताकद जवळजवळ नाहीशी होते. दोष तरीही उरला, तेव्हा त्याच्या बाबतीत तो भिंगाचा ठरला. पुढे केंब्रिजचा जॉर्ज एअरी १८२५ मध्ये स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी नळकांडी भिंग घासून घेऊन चष्मा वापरू लागला. कॉर्नियाचा बाक मोजायचं चोख यंत्र मात्र जर्मनीच्या हेल्महोल्ट्झचं, १८५० च्या दशकातलं. मग १८८१ मध्ये पॅरिसमध्ये जावाल आणि श्योट्झ यांनी ते दवाखान्यात वापरता येईल असं केलं, आणि त्याच सुमारास पोर्तुगालच्या प्लासिडोने काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी आणली. तत्त्व सगळ्यांचं एकच. कॉर्निया हा बाहेरगोल आरसा आहे. त्यात एखाद्या वस्तूचं प्रतिबिंब पाहायचं. जिकडे बाक जास्त तिकडे प्रतिबिंब लहान, जिकडे पसरट तिकडे मोठं. गोल वस्तूचं प्रतिबिंब लांबट दिसलं की समजायचं, कॉर्निया वाकलेला आहे.

या श्योट्झची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८५ मध्ये त्याने एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. वय ३३, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आणि त्यानंतर डोळ्यात तब्बल १९.५ डायॉप्टरचा अॅस्टिग्मॅटिझम. आज दोन डायॉप्टर आले तरी सर्जन कपाळाला हात लावतो. श्योट्झने जास्त बाकदार दिशेला, कॉर्नियाच्या कडेशी साडेतीन मिलिमीटरचा छेद दिला आणि दोष ७ वर आणला. बाक मोजायचं यंत्र ज्याने घडवलं त्यालाच छेद देऊन बाक कमी करण्याची बुद्धी झाली, हा योगायोग मला वाटत नाही. जो मोजतो त्यालाच दुरुस्तीची वाट दिसते.

मुंबईत डोळ्यांचे दवाखाने जुने. भायखळ्याला जे. जे. च्या आवारात सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं, परळला के. ई. एम. १९२६ मध्ये सुरू झालं. परळलाच हाजी बचूअली धर्मादाय नेत्ररुग्णालय. गिरणगावातल्या, वडाळ्याच्या बंदरावरच्या आणि मिठागरांतल्या कष्टकऱ्यांना आधार होता तो अशाच दवाखान्यांचा. त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे कॉर्नियाच्या कडेने जवळपास अर्धवर्तुळाकार छेद, त्यातून पिकलेला मोतीबिंदू आवरणासकट अख्खा बाहेर, आणि मग कित्येक दिवस डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. भिंग काढून टाकल्यावर डोळ्यावर चढायचा तो +१० च्या आसपासचा जाड चष्मा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा. गेल्या पिढीतल्या प्रत्येक मराठी घरात असा चष्मा लावलेले एक आजोबा होते. त्यांना जग पंचवीस-तीस टक्क्यांनी मोठं दिसायचं, पायरी जवळ आल्यासारखी वाटायची, चष्मा काढला की भिंत आणि माणूस यांत फरक कळायचा नाही.

त्या काळात टेबलावर कोणी कॉर्नियाचा बाक मोजत नसे, आणि त्याला कारण होतं. चष्मा तर लागणारच होता. शस्त्रक्रियेने दोन-तीन डायॉप्टरचा वाकडेपणा आणला तर तोही त्याच काचेत घासून द्यायचा, एवढाच हिशेब. सर्जनची चूक चष्मेवाल्याच्या दुकानात झाकली जायची.

हे झाकण उघडलं ते डोळ्यात भिंग बसवायला लागल्यावर. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली; आपल्याकडे ही भिंगं सर्रास बसायला १९८० आणि ९० ची दशकं उजाडली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगं इथेच बनवायला घेतली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्मा गेला. आणि तो गेल्यावर रुग्णाच्या डोळ्यात जो नंबर उरला, त्यातला बराचसा थेट सर्जनच्या हाताने पडलेला निघाला.

आता त्या हाताकडे जरा जवळून पाहू. मायक्रोस्कोपखाली डोळा बशीएवढा दिसतो. वरच्या बाजूला, म्हणजे बाराच्या काट्यावर, दहा-बारा मिलिमीटरचा छेद आहे. भिंग आत बसलंय. आता छेद बंद करायचा, तो १०-० नायलॉनच्या धाग्याने. जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास. मायक्रोस्कोप नसेल तर हातातून पडलेला सापडणार नाही. पाच-सात टाके. प्रत्येक गाठ किती आवळायची हे बोटांच्या अंदाजावर. ढिली राहिली तर जखम उसवते, डोळ्यातलं पाणी गळतं. म्हणून नवा सर्जन भीतीने आवळतोच. टाका आवळला की त्याच्या दिशेचा कॉर्निया मध्याजवळ फुगून जास्त बाकदार होतो. बाराच्या काट्यावरचे टाके घट्ट म्हणजे उभा बाक वाढला.

हे टेबलावरच कळलं तर गाठ सोडून पुन्हा बांधता येते. दुसऱ्या दिवशी कळून उपयोग कमी. न्यूयॉर्कचे रिचर्ड ट्राउटमन यांनी १९७० च्या दशकात यासाठी मायक्रोस्कोपला जोडायचा केराटोमीटर, म्हणजे कॉर्नियाचा बाक मोजायचं यंत्र, आणला. नंतर तसे आणखीही निघाले. पण अशी यंत्रं सगळीकडे कुठून असणार? तिथे कामाला आली ती सेफ्टी पिन. हो, परकराची नाडी ओवायला जी वापरतात तीच. उकळून निर्जंतुक केलेल्या पिनेचं गोल टोक सर्जन ओल्या कॉर्नियावर, अगदी जवळ पण न टेकवता धरायचा आणि मायक्रोस्कोपच्या उजेडात तिचं प्रतिबिंब बुबुळावर बघायचा. वर्तुळ गोल दिसलं तर टाके बेताचे. वर्तुळ वर-खाली चपटं होऊन आडवं झोपलेल्या अंड्यासारखं दिसलं तर वरचा टाका आवळलाय, सोड. उभ्या अंड्यासारखं दिसलं तर ढिला पडलाय, ओढ. छोटीशी धातूची कडी चालायची, पोकळ दंडगोलाकार नळीही चालायची. कॉर्नियावर सलाइनचा थेंब टाकून पृष्ठभाग आरशासारखा ठेवावा लागे, आणि सर्जनच्या नजरेला सराव लागे. एखाद्या डायॉप्टरचा फरक असा दिसत नाही. मोठा वाकडेपणा मात्र लपत नाही.

मला या सेफ्टी पिनेचं फार मोल वाटतं. हेल्महोल्ट्झने काच, लोलक आणि गणित घालून जे मोजलं, त्याचं सार एका तारेच्या वळशात उतरलं. आकडा मिळाला नाही, पण गाठ बांधायच्या क्षणी हाताला शिस्त लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सर्जनला आपलं काम आरशात दिसू लागलं. नंबर आपणच आणतो, हे त्याला एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरता येत नाही.

तरीही एक अडचण उरायची. सहा-आठ आठवड्यांनी रुग्ण परत आला की घट्ट टाका स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या उभ्या मायक्रोस्कोपवर, कापून टाकता येतो आणि नंबर उतरतो. पण रुग्ण परत येतो कुठे? शस्त्रक्रिया झाली, हिरवी पट्टी बांधली, काळा चष्मा मिळाला, आणि माणूस एस्टीने गावी गेला. कोकणातून किंवा घाटावरून पुन्हा मुंबईला यायचं म्हणजे दोघांचं भाडं आणि बरोबरच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी. टाका आत राहतो, नंबर राहतो, चष्मा केला जात नाही. ‘ऑपरेशन झालं पण अजून अंधूकच दिसतं’ हे वाक्य खेडोपाडी ऐकू येतं, त्यामागे पुष्कळदा पडदा खराब नसतो, भिंगही नीट असतं. कॉर्निया वाकलेला असतो आणि त्यावर चष्मा नसतो.

मग टाकाच नको, असा विचार पुढे आला. १९९० च्या दशकात दोन वाटांनी तो अमलात आला. एक वाट यंत्राची: अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांची १९६७ ची फेको, जिच्यात मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून तीन मिलिमीटरच्या आतल्या छेदातून ओढून घेतात. यंत्र महाग, शिकायला वेळ. दुसरी वाट हातांची: कॉर्नियाच्या मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा, त्यातून मोतीबिंदू हाताने काढायचा. बोगदा आतल्या दाबानेच मिटतो. ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ अशा पाट्या मुंबईच्या गल्ल्यांत लागल्या, त्या या दोन्ही वाटांच्या.

यातलं खरंच काय चांगलं, हे कोणी मोजलं? मोजलं पुण्यात. एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून जुनी टाक्यांची आणि नवी हाताची बिनटाक्याची शस्त्रक्रिया ताडून पाहिली. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. सहा आठवड्यांनी, चष्म्याशिवाय, ६/१८ (निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून बरी नजर टाक्यांच्या गटात ३७.३ टक्क्यांना, बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्क्यांना. चष्मा लावून पाहिलं तर हेच आकडे ८६.७ आणि ८९.८. हे चार आकडे मी कितीदा तरी वाचले आहेत. पहिल्या गटात ३७ आणि ८७ यांच्यामध्ये शंभरातली जी पन्नासेक माणसं आहेत, ती डोळ्याने आंधळी नाहीत. भिंगाच्या ताकदीतली चूक आणि कॉर्नियाचा वाकडेपणा यांनी ती अंधारात राहिली आहेत, आणि एका चष्म्याने उजेडात येतील. चष्मा न मिळणाऱ्यासाठी मात्र ती शस्त्रक्रिया अर्धीच यशस्वी.

२००५ मध्ये त्याच गटाने ४०० डोळ्यांवर फेको आणि हाताची बिनटाक्याची पद्धत ताडली. चष्म्याशिवाय ६/१८ किंवा बरी नजर फेकोत ८१ टक्के, दुसरीत ७१. चष्म्याने दोन्हींत ९८.४, अगदी बरोबरीची. सर्वांत जास्त वेळा आढळलेला अॅस्टिग्मॅटिझम फेकोत ०.५ डायॉप्टर, दुसरीत १.५. म्हणजे दोन पद्धतींतलं अंतर पुष्कळसं याच वाकडेपणाचं. तो कमी झाला तर स्वस्त शस्त्रक्रिया महाग शस्त्रक्रियेच्या शेजारी जाऊन उभी राहील.

तो कमी कसा करायचा याचं एक उत्तर त्याच वर्षी मुंबईतून आलं. दादरला नेत्रचिकित्सा करणारे डॉ. निखिल गोखले आणि त्यांचे सहकारी साहनी यांनी छेदाची जागा बदलून पाहिली. सर्जन पिढ्यान्‌पिढ्या रुग्णाच्या डोक्याशी बसत आले, म्हणून छेद बाराच्या काट्यावर. पण तिथे वरच्या पापणीचा दाब आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही जखमेला खाली ओढतात. जखम किंचित उघडते आणि उभी दिशा पसरट होते. म्हाताऱ्या डोळ्यात वयामुळे आडवा बाक आधीच वाढत आलेला असतो. वरच्या छेदाने उभा बाक आणखी कमी झाला की वाकडेपणा दुणावतो. गोखले-साहनींच्या मापात वरच्या छेदाने सरासरी १.२८ डायॉप्टरचा अॅस्टिग्मॅटिझम आणला. कानाच्या बाजूच्या छेदाने ०.३७, आणि वर व कान यांच्या मध्ये, तिरकस घेतलेल्या छेदाने फक्त ०.२०.

नवं यंत्र नाही, नवं भिंग नाही, एक पैशाचा जादा खर्च नाही. सर्जनने खुर्ची थोडी सरकवायची. ज्याने आयुष्यभर डोक्याशी बसून शस्त्रक्रिया केली, त्याला खुर्ची, मायक्रोस्कोप, पायाखालचं पेडल आणि हातांची सवय सगळंच हलवावं लागतं, म्हणून हे वाटतं तितकं सोपंही नाही. तरी माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात मोतीबिंदूवर झालेल्या कामांत हे सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक. ज्याला पुन्हा दवाखान्यात येणं परवडत नाही, त्याच्या डोळ्यात एक डायॉप्टर कमी ठेवणारं ते काम आहे.

दादरहून टिळक पूल ओलांडून वडाळ्याला यायला फारसा वेळ लागत नाही. एसआयडब्ल्यूएस कॉलेजसमोर आदित्य ज्योत हे नेत्ररुग्णालय आहे. डॉ. एस. नटराजन यांनी ते उभं केलं; २०१३ चे पद्मश्री. त्यांचं मुख्य काम डोळ्याच्या पडद्याचं, आणि शेजारच्या धारावीत मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांना शोधून काढण्याचंही. पडद्याच्या शस्त्रक्रियेचा कॉर्नियाशी काय संबंध, असं वाटेल. पण सुटलेला पडदा बसवायला डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळतात, तेव्हाही पुढचा कॉर्निया वाकतो. डोळ्यावर कुठेही ताण द्या, हिशेब पुढच्या काचेत उमटतो.

आज मोठ्या शहरांतल्या सुसज्ज शस्त्रक्रियागृहांत सेफ्टी पिन दिसत नाही. आता वाकडेपणा भरून काढणारी टोरिक भिंगं आहेत. ती डोळ्यात नेमक्या कोनात बसवावी लागतात. एक अंश चुकला तर साधारण तीन टक्के गुण वाया, तीस अंश चुकला तर सगळाच. शिवाय माणूस बसलेला असताना डोळा जसा असतो तसा आडवं झाल्यावर राहत नाही, काही अंश फिरतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ताठ बसवून कॉर्नियाच्या कडेला शाईच्या खुणा करतात. त्याच्याही पुढचं पाऊल म्हणजे ओआरए हे यंत्र. मोतीबिंदू काढून झाल्यावर आणि भिंग बसण्याआधी, टेबलावरच, ते डोळ्यातून परतलेल्या प्रकाशलहरींचा आकार मोजतं आणि भिंग किती ताकदीचं, किती अंशात हे सुचवतं. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचाही वाकडेपणा असतो, सरासरी ०.३० डायॉप्टर, हे अमेरिकेचे डग्लस कोच यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. पुढचं प्रतिबिंब पाहणाऱ्या जुन्या यंत्रांना तो दिसत नसे. ओआरएच्या मापात तो आपोआप येतो.

पण इथेही जुन्याच अटी लागू आहेत. पापण्या उघड्या ठेवणाऱ्या चापाने डोळा दाबला, डोळ्यातला दाब कमी-जास्त राहिला, कॉर्निया कोरडा पडला, छेदाच्या कडा पाण्याने फुगल्या, की यंत्र चुकीचा आकडा छातीठोकपणे दाखवतं. सेफ्टी पिन धरणारा सर्जन कॉर्निया ओला ठेवायचा, डोळ्याचा दाब बोटाने तपासायचा; ओआरएसमोर बसलेल्यालाही तेच करावं लागतं.

तुमच्या घरात कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भिंग देशी की परदेशी एवढंच विचारून थांबू नका. आधी मोजलेले कॉर्नियाचे आकडे मागून घ्या. चिठ्ठीवर ते के१ आणि के२ म्हणून लिहिलेले असतात. दोहोंत किती फरक आहे आणि छेद कुठे घेणार, हे डॉक्टरांना विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ती चिठ्ठी जपून ठेवा. आणि आई-वडील गावी राहत असतील, शस्त्रक्रियेनंतर बरं दिसतंय म्हणत असतील, तरी सहा आठवड्यांनी त्यांना परत आणा, नंबर काढून घ्या, आणि निघाला तर चष्मा त्याच आठवड्यात करून द्या.